‘राइझ’ आणि ‘रेझ’ : उठणे आणि उठवणे

वर जाण्याचा अर्थ सांगणारे ‘राइझ’ आणि ‘रेझ’ हे दोन इंग्रजी शब्द उच्चाराने इतके जवळचे आहेत की उत्तरपत्रिकांत त्यांची अदलाबदल नेहमीच आढळते. काही वर्षांपूर्वी नववीतील एका वसतिगृहवासी विद्यार्थ्याने इंग्रजी निबंधात ‘मला जीवनात वर उठायचे आहे’ असे लिहिताना ‘राइझ’च्या जागी ‘रेझ’ हा शब्द योजला होता. मी लाल शाईने खूण केली. परंतु ती चूक दीर्घकाळ माझ्या मनात राहिली.

भेद व्याकरणाचा आहे. ‘राइझ’ हे अकर्मक क्रियापद आहे. सूर्य उगवतो, धूर वर चढतो, किमती वाढतात, माणूस आसनावरून उठतो. या सर्व ठिकाणी ‘राइझ’ येते. ‘रेझ’ सकर्मक आहे. हात वर करणे, निधी उभारणे, प्रश्न उपस्थित करणे, मुलांना लहानाचे मोठे करणे. येथे ‘रेझ’ हवे. कोणी तरी कोणाला तरी वर नेतो, म्हणून कर्माशिवाय ते वाक्य अपुरे राहते. रूपेही निराळी आहेत : राइझ, रोझ, रिझन, आणि रेझ, रेझ्ड, रेझ्ड. नाम म्हणून मात्र गंमत होते. पगारवाढीला ब्रिटनमध्ये ‘राइझ’ म्हणतात, तर अमेरिकेत ‘रेझ’.

दोन्ही शब्दांचे मूळ एकाच जर्मानिक धातूत आहे. ‘राइझ’ जुन्या इंग्रजीतला. ‘रेझ’ हे त्याच धातूचे प्रयोजक रूप असून ते स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांच्या भाषेतून इंग्रजीत आले. मराठी वाचकाला ही घडण परकी नाही. पडणे–पाडणे, तरणे–तारणे या जोड्या अशाच स्वर बदलून झाल्या आहेत.

तरणे आणि तारणे यांतील अंतर आपल्या इतिहासाने अनुभवले आहे. १९२३ साली मुंबई विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचे ठरले. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर ‘रेझ’ पूर्ण झाले होते. तळ्यावर मात्र कोणाला जाता येत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या मागोमाग हजारो माणसे तळ्याकडे चालत गेली आणि त्यांनी स्वतःच्या ओंजळीने पाणी घेतले. त्या दिवशी ती माणसे वाक्यातले कर्म राहिली नाहीत, कर्ता झाली. तोच ‘राइझ’ होय.

म्हणून ठराव निरर्थक होता असे नव्हे. १९१३ साली बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती मिळाली म्हणून बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. तेथील अभ्यास मात्र त्यांचा स्वतःचा होता. पुढे १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापून त्यांनी इतरांसाठी हात पुढे केला.

माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना एवढेच सांगावेसे वाटते : वसतिगृहातील मुलाला शुल्क, पुस्तके, अंथरूण जरूर द्यावे; परंतु त्याला आयुष्यभर आपल्या वाक्यातले कर्म करून ठेवू नये. त्या निबंधात मी दुरुस्ती केली ती एका शब्दाची. त्या विद्यार्थ्याची आकांक्षा मात्र मुळातच अचूक होती.