गौतमपुऱ्यात जाळं कुठे अडकेल?

इंदूर जिल्ह्याच्या देपालपूर तालुक्यात, माळव्याच्या काळ्या मातीच्या सपाटीवर गौतमपुरा हे छोटं नगर आहे. सुभेदार मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावाने ते वसलं. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी इथे हिंगोटचं युद्ध होतं. हिंगणबेटाचं फळ वाळवायचं, कोरून पोकळ करायचं, आत दारू ठासायची, तोंड मातीने लिंपायचं आणि एक बांबूची कामटी बांधायची की झालं हिंगोट. एका बाजूला गौतमपुऱ्याचा तुर्रा आणि समोर रुणजी गावची कलंगी. एका हातात ढाल, खांद्यावर हिंगोटांची झोळी, आणि जळत्या लाकडावर पेटवून फेकलेले अग्निबाण अंधारात इकडून तिकडे जाऊ लागतात. यात माणसं दरवर्षी भाजतात, आणि २०१७ साली एका तरुणाचा जीवही गेला.

या युद्धाच्या मैदानाभोवतीची घरं बहुतेक एक-दोन मजल्यांची आहेत. त्यांच्यापलीकडे शेतं लागतात. आता कल्पना करा, जगातल्या सर्वांत लोकप्रिय सुपरहिरोंपैकी एक, स्पायडर-मॅन, इथे उतरला आहे. मनगटातून धागा सुटला, पण तो अडकणार कुठे? प्रश्न लहान मुलाचा वाटेल, पण स्पायडर-मॅनचे व्हिडिओ गेम बनवणाऱ्यांना याच प्रश्नाने वीस वर्षं गुंतवून ठेवलं. ‘मार्व्हल्स स्पायडर-मॅन २’ या २०२३ सालच्या दुसऱ्या भागाचं मोलही याच प्रश्नावर ठरवावं, असं माझं मत आहे.

आधी झोक्याचा हिशेब पाहू. स्पायडर-मॅनचा झोका म्हणजे लंबक. चाळीस मीटर लांबीच्या दोरीवर माणूस आधाराच्या पातळीपासून खाली झेपावला, तर हवेचा अडथळा सोडून दिल्यास सर्वांत खालच्या बिंदूशी त्याचा वेग ताशी सुमारे १०० किलोमीटर होतो. मॅनहॅटनच्या गगनचुंबी इमारतींमध्ये चाळीस मीटरची दोरी सहज मावते. गौतमपुऱ्यातलं दुमजली घर मात्र सात मीटरच्या आसपास. जमिनीपासून दोन मीटर अंतर राखायचं म्हटलं तर दोरीला उरतात पाच मीटर, आणि वेग होतो ताशी ३५ किलोमीटर, म्हणजे गल्लीतल्या मोपेडइतका. शिवाय पहिल्याच झोक्यानंतर पुढच्या घराची भिंत समोर येते. वेग उंचीतून येतो आणि उंची शहर देतं. म्हणून या खेळात शहर नुसतं नेपथ्य नसतं, नायकाची निम्मी शक्ती त्याच्यातच असते.

पण सुरुवातीच्या खेळांत हे शहर वापरातच नव्हतं. २००२ साली आलेल्या ट्रेयार्क कंपनीच्या ‘स्पायडर-मॅन’मध्ये धागा वर जायचा आणि आभाळाला चिकटायचा. वर काही आहे की नाही, याचा विचार खेळ करत नसे. त्याच कंपनीतल्या जेमी फ्रिस्ट्रॉम या तंत्रज्ञाच्या मनात वेगळं काही होतं. धागा खऱ्या इमारतीलाच अडकला पाहिजे, शरीर लंबकासारखं हललं पाहिजे आणि सोडल्यावर मिळालेला वेग वाया जाता कामा नये, असा त्याचा आग्रह होता. त्याने केलेल्या प्रयोगावर २००४ च्या जून महिन्यात ‘स्पायडर-मॅन २’ हा खेळ उभा राहिला. सॅम रायमी यांचा त्याच नावाचा चित्रपटही त्याच आठवड्यात पडद्यावर आला.

चित्रपटावरून घाईघाईने बनवलेले खेळ सहसा चित्रपटाबरोबरच विसरले जातात. हा विसरला गेला नाही, कारण त्यात प्रथमच शहराला अर्थ आला. दोन इमारतींना दोन धागे लावता येत होते, कोपऱ्यावरून वळता येत होतं, आणि अंदाज चुकला तर भिंतीवर आपटावंही लागत होतं. झोका शिकावा लागत होता आणि शिकलेला माणूस नवख्यापेक्षा वेगळा दिसत होता. बाकीच्या गोष्टी साध्याच होत्या. पिझ्झा घरपोच द्यायचा, हातातून फुगा निसटलेल्या पोराचा फुगा परत आणून द्यायचा. या छोट्या कामांचा कंटाळा करणारे अनेक होते. मला ती खेळाची जमेची बाजू वाटते, कारण स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी १९६२ साली घडवलेला हा नायक मुळात शेजारपाजारच्यांच्या उपयोगी पडणारा मुलगा आहे. संगणकासाठी मात्र त्याच नावाने दुसऱ्याच कंपनीचा, पुष्कळ सोपा केलेला खेळ निघाला, आणि ज्यांच्या घरी फक्त संगणक होता त्यांच्या वाट्याला हा झोका आलाच नाही.

पुढच्या अनेक खेळांनी हा झोका सोपा केला आणि सोपा करताना पातळही केला. २०१८ साली इन्सोम्नियाक गेम्सने प्लेस्टेशन ४ साठी ‘मार्व्हल्स स्पायडर-मॅन’ आणला, तेव्हा तोल पुन्हा सापडला. धागा इमारतींनाच अडकत होता, पण खेळणाऱ्याचा इरादा ओळखून खेळ त्याला सोयीचा आधारबिंदू शोधून देत होता. आपटण्याची शिक्षा जवळजवळ संपली होती. तिथे एक अडचण होती जी पडद्यावर दिसत नसे. नायक जितक्या वेगाने पुढे जाईल, तितक्या वेगाने पुढचे रस्ते, खिडक्या, गाड्या हार्ड डिस्कवरून वाचून समोर मांडाव्या लागत. डिस्कची फिरती तबकडी जेवढं देऊ शकेल, तेवढ्याच वेगाने झोके घेता येत. २०१९ साली प्लेस्टेशनचे रचनाकार मार्क सर्नी यांनी नव्या यंत्राची चुणूक दाखवण्यासाठी हाच खेळ निवडला. शहरातल्या एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी उडी घ्यायला जुन्या यंत्राला १५ सेकंद लागत होते, नव्याला ०.८ सेकंद पुरले. न फिरणाऱ्या साठवणीच्या चिपांनी वेगावरचं हे बंधन काढून टाकलं.

मग २० ऑक्टोबर २०२३ रोजी प्लेस्टेशन ५ साठी दुसरा भाग आला. पीटर पार्कर आणि माइल्स मोरालेस असे दोन स्पायडर-मॅन त्यात आहेत आणि बटण दाबून एकाकडून दुसऱ्याकडे जाता येतं. नकाशा जवळजवळ दुप्पट झाला. मॅनहॅटनला ईस्ट नदीपलीकडचे क्वीन्स आणि ब्रुकलिन जोडले गेले. दुप्पट नकाशा ही फुशारकी प्रत्येक दुसरा भाग मारतो. इथे मात्र त्या वाढीमागे खरं धाडस आहे, कारण क्वीन्स हा बैठ्या घरांचा भाग. कथेत पीटर पार्कर तिथलाच, फॉरेस्ट हिल्सचा. तरीही बहुतेक खुल्या जगाच्या खेळांचे नकाशे मॅनहॅटनमध्येच थांबत. झोक्याला उंची हवी आणि नायकाच्या स्वतःच्या मोहल्ल्यात ती नव्हती. गौतमपुऱ्याची अडचण ती हीच.

उत्तर म्हणून निर्मात्यांनी नायकाच्या काखेत पातळ पंख दिले. हे पंखही त्यांच्या मनचे नाहीत, डिटकोच्या पहिल्या चित्रांत स्पायडर-मॅनच्या दंडाखाली जाळीदार पडदे होतेच. झोक्याने वेग कमवायचा, सुटताना पंख उघडायचे आणि उंची हळूहळू खर्च करत छपरांवरून तरंगत जायचं. नदीवर आणि काही रस्त्यांवर वाऱ्याचे बोगदे ठेवले आहेत, त्यात शिरलं की वेग टिकून राहतो. हिंगोटाला बांधलेली कामटी त्याचं तोंड पुढे राखते, नाहीतर ते गरगरत कुठेही गेलं असतं. उडण्यासाठी नुसता जोर पुरत नाही, दिशा धरणारं काहीतरी लागतं, हे गौतमपुऱ्याच्या पोरांना कुठल्याही पुस्तकाशिवाय ठाऊक आहे, आणि खेळातल्या पंखांचं कामही तेच आहे. मॅनहॅटनमधून झेपावून नदी ओलांडायची आणि क्वीन्सच्या कौलांवरून सरकत पीटरच्या मे काकूच्या घरापाशी उतरायचं, हा अनुभव या दुसऱ्या भागाने पहिल्यांदा दिला. माझ्या लेखी त्याची सर्वांत मोठी कमाई ही.

आणखी एक गोष्ट फार कमी लोक वापरतात, पण प्रत्येकाने वापरून पाहावी. सेटिंगमध्ये झोक्याला मिळणारी मदत ० ते १० अशी कमी-जास्त करता येते. ती शून्यावर नेली की लंबक परत येतो आणि चुकीच्या क्षणी सोडलेला धागा तुम्हाला खरोखर चुकीच्या ठिकाणी नेतो. उंचावरून पडल्यावर इजा व्हावी, अशी सोयही आहे. दोन्ही मुळात सौम्य ठेवलेल्या असतात. त्यामुळे अनेकांना वाटतं की खेळ फार सोपा आहे.

कथेबद्दल माझा उत्साह थोडा कमी आहे. काळ्या परजीवी पोशाखाने पीटरचा स्वभाव बिघडत जातो, हा भाग सावकाश उलगडायला हवा होता. प्रत्यक्षात तो घाईने येतो आणि घाईने संपतो. क्रेव्हन शिकारी हा खलनायक मात्र वजनदार आहे, आणि दिवंगत टोनी टॉड यांचा खर्जातला आवाज व्हेनम या दुसऱ्या खलनायकाला भीतिदायक करतो. मुख्य कथेपेक्षा मनात राहतो तो हॉवर्ड नावाचा कबुतरं पाळणारा बेघर म्हातारा. आपल्या पाखरांना नवं घर मिळावं म्हणून तो स्पायडर-मॅनला विनवतो आणि आपण शहरावरून थव्याबरोबर झोके घेत जातो. त्यात एकही ठोसा नाही. २००४ च्या फुग्यांची परंपरा इथे पिकली आहे. पहिल्या चोवीस तासांत पंचवीस लाख प्रती खपलेल्या खेळाने असल्या कामासाठी वेळ काढावा, याचं मला फार कौतुक वाटतं. संगणकावर तो ३० जानेवारी २०२५ रोजी आला.

आपल्या बाजूने एक गोष्ट या इतिहासात अजून घडायची आहे. २००४ मध्येच शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग यांनी मुंबईत राहणारा पवित्र प्रभाकर हा धोतर नेसलेला स्पायडर-मॅन निर्माण केला. जून २०२३ मध्ये ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ या चित्रपटात तो पडद्यावर आला, आणि भारतात हा चित्रपट ज्या दहा भाषांत प्रदर्शित झाला त्यांत मराठीही होती. चित्रपटकर्त्यांनी त्याच्यासाठी मुंबई आणि मॅनहॅटन मिसळून ‘मुंबॅटन’ नावाचं थरांवर थर रचलेलं शहर उभारलं, म्हणजे उंचीचा प्रश्न शहरच बदलून सोडवला. पवित्रचा स्वतंत्र खुल्या जगाचा खेळ अजून झालेला नाही. तो बनवणाऱ्याने मुंबई बदलू नये. गिरगावच्या तीन-चार मजली चाळींत धागा आखूड ठेवावा आणि गॅलऱ्यांच्या कठड्यांवरून पळायला लावावं. धारावीच्या पत्र्यांवर झोका देऊच नये, तिथे फक्त पायांवर विसंबावं. मग लोअर परळला, जिथे गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले आहेत, तिथे प्रथमच चाळीस मीटरची दोरी हातात द्यावी, आणि त्या वेगावर पंख उघडून वरळीहून वांद्र्याकडे खाडी ओलांडू द्यावी.