कोहांगा रेओ शिक्षक-प्रशिक्षण
न्यूझीलंडमधील माओरी शिशुशाळांसाठी शिक्षक तयार करण्याची पद्धती. ‘कोहांगा रेओ’ या माओरी संज्ञेचा अर्थ भाषेचे घरटे. अशी पहिली शाळा १९८२ मध्ये वेलिंग्टननजीक वाइनुइओमाता येथे निघाली. तोपर्यंत माओरी अस्खलितपणे बोलणाऱ्यांत वृद्धांचाच भरणा उरला होता व तरुण मातापित्यांना ती क्वचितच येत असे. साहजिकच आजी-आजोबा हेच प्रथम शिक्षक ठरले.

त्यांच्याकडील ठेवा पुढील पिढीकडे यावा म्हणून आखलेला ‘फाकापाकारी’ हा तीन वर्षांचा अभ्यासक्रम महाविद्यालयात नव्हे, तर शाळेतच मुलांना सांभाळीत पुरा करावयाचा असे. भाषा, वंशकथन, गीते, प्रार्थना व आचारधर्म या गोष्टी ज्येष्ठांकडून ऐकून आणि त्यांच्यासमवेत वावरून आत्मसात केल्या जात. केवळ पाठ्यपुस्तकाने हे साधले असते, असे वाटत नाही.

अडचण आली ती अनुदानाची. २००० नंतरच्या धोरणात अधिक अनुदान नोंदणीकृत शिक्षक असलेल्या शिशुशाळांकडे वळले. कोहांगांची गणना मात्र पालकांनी चालविलेल्या केंद्रांत होऊन त्यांना कमी दर लागू झाला. अस्खलित माओरी बोलणारी आजी या हिशेबात शिक्षक ठरेना. वाइटांगी न्यायाधिकरणाने २०१२ मध्ये हे धोरण १८४० च्या वाइटांगी तहातील तत्त्वांशी विसंगत ठरविले.