अपस्मार एकच, मग प्रत्येकाची गोळी वेगळी का?

फिट किंवा आकडी येण्याच्या आजारावर, म्हणजे अपस्मारावर, आज वीसहून अधिक औषधं आहेत. योग्य उपचार मिळाले तर ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण फिटशिवाय जगू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण शेजारच्यांना लागू पडलेली गोळी तुम्हाला चालेलच असं नाही.

डॉक्टर आधी काय बघतात?

फिटचा प्रकार. मेंदूच्या एका भागातून सुरू होणाऱ्या फिटवर कार्बामाझेपिन चांगलं काम करतं. पण हातापायांना अचानक झटके बसण्याच्या प्रकारात तेच औषध त्रास वाढवू शकतं.

दुष्परिणामांचा विचार कसा होतो?

लेव्हेटिरॅसिटॅममुळे काहींची चिडचिड वाढते, मन उदास होतं. म्हणून आधीपासून नैराश्य असेल तर ते सांगायला हवं. टोपिरामेटने वजन घटतं, पण बोलताना शब्द पटकन न आठवणं किंवा मूतखडा हे त्रास होऊ शकतात. फेनिटॉइन दीर्घकाळ घेतल्यास हिरड्या वाढू शकतात.

सर्वात गंभीर मुद्दा व्हॅल्प्रोएटचा. गरोदरपणात ते घेतल्यास १०० पैकी सुमारे १० बाळांमध्ये जन्मजात व्यंग आढळतं आणि ३० ते ४० मुलांच्या बौद्धिक वाढीत अडचणी येऊ शकतात. त्यामुळे मूल होऊ शकेल अशा वयाच्या मुली आणि स्त्रियांसाठी शक्यतो दुसरं औषध निवडलं जातं.

दुसरी औषधं सुरू असतील तर?

कार्बामाझेपिन, फेनिटॉइन आणि फिनोबार्बिटोन यकृताचं काम वेगवान करतात. त्यामुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो आणि नको असताना गर्भ राहू शकतो. क्षयरोगावरचं आयसोनियाझिड मात्र शरीरातलं फेनिटॉइन वाढवतं. मग तोल जाणं, डोळ्यांसमोर दोन-दोन दिसणं अशी लक्षणं दिसतात. व्हॅल्प्रोएटसोबत लॅमोट्रिजिन द्यायचं असेल तर अगदी कमी डोसपासून सुरुवात करतात, नाहीतर अंगावर गंभीर पुरळ उठण्याचा धोका वाढतो.

रुग्णाने काय करावं?

सुरू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवा. त्यात आयुर्वेदिक आणि गर्भनिरोधक गोळ्याही आल्या. बाळाचा विचार असेल तर आधीच सांगा. नवीन गोळीनंतर पुरळ उठलं किंवा आत्महत्येचे विचार आले तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. पण त्रास होतोय म्हणून किंवा दिवस गेल्याचं कळलं म्हणून गोळी स्वतःहून एकदम बंद करू नका. त्याने एकामागून एक फिट येऊन जिवावर बेतू शकतं. औषध बदलता येतं, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली, टप्प्याटप्प्याने.