गोल मोजायचे राहिले

भारतीय हॉकीची शंभरी ७ नोव्हेंबर २०२५ रोजी साजरी झाली. हार-तुरे झाले, सुवर्णपदकांची उजळणी झाली. एक हिशेब मात्र लागलाच नाही, आणि तो आपल्याच जिल्ह्यातला आहे.

चेलाडी फाट्यावरून एसटीनं स्वारगेट गाठायचं, तिथून मुंबई रस्ता धरायचा, की खडकी. तिथल्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत धनराज पिल्ले वाढला. वडील फॅक्टरीच्या मैदानाची निगा राखत. पोरं तुटक्या स्टिका आणि टाकून दिलेले चेंडू घेऊन धुळीत खेळत. ऑलिंपिकमध्ये १९७६ पासून कृत्रिम टर्फ आलं होतं. खडकीत मातीच होती.

या मातीतला पोरगा डिसेंबर १९८९ मध्ये भारताकडून उतरला तो २००४ च्या अथेन्सपर्यंत खेळला. सामने ३३९. ऑलिंपिक चार, विश्वचषक चार, आशियाई स्पर्धा चार. देशात पोटापाण्याला आधी महिंद्राची, मग इंडियन एअरलाइन्सची नोकरी. खरा व्यावसायिक खेळाडू तो झाला परदेशी क्लबांत. लंडनचं इंडियन जिमखाना, फ्रान्सचं ल्योन, जर्मनीचं स्टुटगार्ट, ढाक्याचं अबाहानी, शिवाय मलेशिया.

१९९८ चं बँकॉक विसरता येत नाही. आशियाई सुवर्णाचा ३२ वर्षांचा दुष्काळ त्याच्या नेतृत्वाखाली संपला. अंतिम सामना कोरियाशी, निकाल टायब्रेकरवर, गोलात आशिष बल्लाळ. स्पर्धेत धनराजचे गोल १०. त्यानं खेळाडूंसाठी सामन्याचं मानधन मागितलं होतं. पुढच्याच निवडीत तो, बल्लाळ आणि आणखी काही ज्येष्ठ खेळाडू संघाबाहेर! अधिकृत कारण, विश्रांती. ज्याला पटेल त्यानं पटवून घ्यावं.

२००३ मध्ये तोच कर्णधार म्हणून क्वालालंपूरला पाकिस्तानला हरवून आशिया चषक घेऊन आला.

पण त्याचे एकूण गोल किती? १७० च्या आसपास, असं सांगतात. त्यातही बराच भरवसा खुद्द त्याच्या आठवणीवर. कारण महासंघानं अधिकृत नोंदच ठेवली नाही. आपल्याकडे यात्रेतल्या कुस्तीचा इनामसुद्धा पंचांच्या वहीत चढतो. देशासाठी ३३९ सामने खेळलेल्या फॉरवर्डला तेवढीही वही मिळू नये?

शंभरीचा खर्च झालाच आहे. आता कुणीतरी पंधरा वर्षांची जुनी वर्तमानपत्रं आणि सामन्यांचे कागद काढून बसावं, आणि धनराजचे गोल मोजून टाकावेत.