सोडा ब्रेड आणि पातळ ताक

डब्लिनमधल्या पहिल्या हिवाळ्यात शेजारच्या आजींनी मला सोडा ब्रेडची कृती सांगितली. ४५० ग्रॅम पीठ, चमचाभर खायचा सोडा, मीठ आणि साधारण ४०० मिली ताक. यीस्ट नाही, मळणे नाही, फुगायची वाट पाहणे नाही. एवढे सोपे म्हटल्यावर मी घरचे ताक घालून मोकळा झालो, आणि ओव्हनमधून निघाला एक पिवळट, दगडासारखा गोळा. चव चक्क साबणाची!

घोटाळा ताकाचा होता. खायचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. ताकातल्या लॅक्टिक आम्लाशी त्याची क्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि पीठ फुलते. आपल्या खमणात लिंबू हेच काम करते. ५ ग्रॅम सोड्यातून सुमारे १.४ लिटर वायू मिळू शकतो, पण त्यासाठी ५.४ ग्रॅम लॅक्टिक आम्ल लागते. दह्यात दुप्पट पाणी घालून आपण पितो त्या ताकात ते कुठून येणार? उरलेला सोडा उष्णतेने फुटतो, थोडा वायू देतो आणि मागे ठेवतो सोडियम कार्बोनेट, म्हणजे आपला धुण्याचा सोडा. साबण तिथून आला. दाट, आंबट ताकानेही सगळा सोडा खपेलच असे नाही, म्हणून आता मी पाऊण चमचाच घालतो.

ही कृती आयर्लंडमध्येच का रुजली? इथल्या दमट, थंड हवेतला गहू मऊ, कमी प्रथिनांचा. त्याची ग्लुटेनची जाळी कमजोर, त्यामुळे यीस्टचे बुडबुडे तासन्‌तास धरून ठेवणे तिला जड जाते. सोड्याला मिनिटे पुरतात. एकोणिसाव्या शतकात सोडा सहज मिळू लागला, आणि लोणी काढले की ताक घरात असेच. ओव्हन नसलेल्या घरांत बास्टिबल नावाच्या लोखंडी भांड्यात ब्रेड ठेवून झाकणावरही निखारे रचत. (हॅलोविनचा पारंपरिक बार्मब्रॅक मात्र यीस्टचा. त्यात अंगठी सापडेल त्याचे वर्षभरात लग्न!)

ताक घातल्या क्षणी वायू सुटू लागतो, म्हणून ओव्हन आधीच तापवून ठेवा आणि मध्ये फोन घेऊ नका. गोळ्यावर फुलीसारखी खोल चीर द्या. आजींच्या मते ती पऱ्यांना बाहेर पडायला असते. माझ्या मते जाड गोळ्याच्या मध्यापर्यंत उष्णता पोहोचायला. चीर दोघेही देतो.

दुसऱ्या खेपेला आंबट दह्यात थोडेसेच दूध घातले. आजींनी कडेचा तुकडा मोडून खाल्ला आणि लोणी मागितले.