कांदाचाळीत संवेदकांचा उपयोग

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात राहुरी, पारनेर, नेवासे, श्रीगोंदे इत्यादी तालुक्यांत रब्बी कांद्याचे पीक मोठ्या प्रमाणावर घेतले जाते. हा कांदा एप्रिल-मे महिन्यांत निघतो. त्या वेळी बाजारात आवक फार असल्याने भाव उतरलेले असतात. म्हणून शेतकरी तो चाळीत भरून दसरा-दिवाळीपर्यंत राखून ठेवतात. परंतु वजनातील घट, सड व कोंब या तीन कारणांनी पुष्कळ माल हातचा जातो. साध्या चाळीत चार-पाच महिन्यांत निम्म्यापर्यंत नासाडी झाल्याचेही आढळून येते.

नासाडीचे कारण

काढणीनंतरही कांदा जिवंत असतो. तो श्वसन करतो व त्यातून उष्णता, पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतात. हवा खेळती नसल्यास ही ऊब व वाफ ढिगाच्या पोटात कोंडते. साठवणीस 25 ते 30 अंश सेल्सिअस उष्णतामान व 65 ते 70 टक्के आर्द्रता मानवते. आर्द्रता फार वाढल्यास काळी बुरशी व मऊ सड बळावते. फार घटल्यास कांदा सुकून वजन कमी होते. बाहेरून मात्र ढीग चांगलाच दिसतो. दुर्गंधी येईपर्यंत आतला बराच माल गेलेला असतो.

संवेदक म्हणजे काय ?

ढिगाच्या पोटातील ही स्थिती वेळीच कळविणारे लहानसे विद्युत् उपकरण म्हणजे संवेदक होय. उष्णतामान बदलले की त्यातील एका घटकाचा विजेला होणारा विरोध बदलतो; दमट हवेत त्यातील पातळ थर ओलावा शोषून घेतो व त्याचा विद्युत् गुणधर्म बदलतो. हा बदल आकड्यांत दिसतो. काही संवेदक सडणाऱ्या मालातून निघणारे वायूही ओळखतात आणि भ्रमणध्वनीवर सूचना पाठवितात. प्रारंभी उष्णतामान व आर्द्रता दाखविणारे साधे उपकरणही पुरेसे होते.

वापर कसा करावा ?

चाळ भरतानाच ढिगाच्या मध्यभागी, निदान तीन ठिकाणी संवेदक ठेवावेत. एक बाहेर सावलीत टांगावा. सकाळी व दुपारी आकडे वहीत नोंदवावेत. बाहेरील हवा आतल्याहून कोरडी असेल तेव्हा बाजूचे पडदे उघडावेत; पावसाची झड येताच ते बंद करावेत. एखाद्या ठिकाणचा आकडा इतर ठिकाणांहून सतत चढता राहिल्यास तो भाग प्रथम उकलावा, सडका माल वेगळा काढावा आणि चांगला माल निवडून आधी विकावा. सर्व चाळ उपसण्याची गरज राहत नाही.

नासाडी म्हणजे पाण्याचीही हानी

समजा, 25 टनांच्या चाळीत दहा टक्के माल सडला. हेक्टरी 25 टन उत्पन्न धरल्यास तो दहा आर क्षेत्राचा कांदा झाला. त्याला दिलेले विहिरीचे पाणी, वीज, खत व मजुरी सर्व व्यर्थ गेली. पारनेरसारख्या अवर्षणप्रवण भागात ही हानी लहान नव्हे. शिवाय ओल्या, दाबलेल्या ढिगात सडणाऱ्या मालापासून मिथेन वायू निघतो. वातावरण तापविण्याच्या कामी तो कार्बन डायऑक्साइडहून अनेक पटींनी प्रभावी आहे. म्हणून सडका कांदा ओढ्यात वा उकिरड्यावर टाकू नये. पालापाचोळा व माती यांचे थर देऊन, वरखाली करीत त्याचे कंपोस्ट करावे.

मूळ काळजी प्रथम

संवेदक स्थिती सांगतो, कांदा वाचवीत नाही. टिकाऊ वाण, उदाहरणार्थ एन-2-4-1, निवडावे. कांदा शेतात पातीसह सुकवावा, तीन-चार सेंटिमीटर मान ठेवून पात कापावी व मग सावलीत दहा-बारा दिवस सुकवून चाळीत भरावा. चाळीचा तळ जमिनीपासून उंच व खालून हवेशीर असावा. ढीग चार-पाच फुटांहून उंच करू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रथम एकाच चाळीत हे उपकरण बसवून शेजारच्या चाळीशी तुलना करून दाखवावी आणि दोन्हींतील सड वजन करून नोंदवावी. काट्यावर दिसलेला फरक शेतकऱ्यास लगेच पटतो.