जस्ताचा थर: चढता आणि उतरता

व्होल्टाने 1800 साली पहिली बॅटरी रचली, तीत जस्ताच्या चकत्या होत्या. जस्त स्वस्त, मुबलक, पाण्यात वापरता येणारं. त्याच्या बॅटरीला लिथियमसारखी पेट घेण्याची भीती नाही. तरीही टॉर्चच्या सेलमध्ये जस्त एकदा खर्ची पडलं की सेल फेकायचा. चार्ज करताना तेच जस्त परत पत्र्यावर बसवायचं आणि पुढच्या खेपेस पूर्ण उतरवायचं, हे जमायला फार काळ गेला.

प्रयत्न जुनेच. आयर्लंडमध्ये जेम्स ड्रम यांच्या निकेल-जस्त बॅटरीवर डब्लिन ते ब्रे गाड्या धावल्या. 1949 मध्ये त्या बंद झाल्या. अल्कलीत जस्त विरघळतं खरं, पण परतताना मूळ जागा सोडून बसतं, काटे काढतं आणि मधला पडदा भेदून बॅटरी शॉर्ट करतं.

1986 मध्ये यामामोतो आणि शोजी यांनी अल्कलीऐवजी झिंक सल्फेटचं सौम्य द्रावण वापरलं. ती वाट पुढे पाव शतक जवळपास ओस राहिली. 2012 मध्ये चीनच्या चिंगह्वा विद्यापीठातल्या गटाने ‘झिंक आयन बॅटरी’ हे नाव रूढ केलं आणि मग संशोधनाला पूर आला. बहुतेकांचं लक्ष मात्र मँगनीज आणि व्हॅनेडियमच्या धन इलेक्ट्रोडवर होतं.

दुखणं ऋण बाजूला होतं. जस्ताचा प्रत्येक आयन सहा पाण्याचे रेणू सोबत घेऊन पत्र्याशी येतो. त्यातलं थोडं पाणी फुटून हायड्रोजन सुटतो, उरलेलं हायड्रॉक्साइड सल्फेटशी मिळून पांढरं कवच धरतं. कवचाखाली थर असमान बसतो, आणि काही जस्त पत्र्यापासून तुटून कायमचं निकामी होतं. बसवलेल्या जस्तातलं 99 टक्के परत मिळालं तर कानाला बरं वाटतं. पण शिलकीचं जस्त नसेल तर शंभर फेऱ्यांनंतर जेमतेम 37 टक्के उरतं. हजार फेऱ्यांनंतर तेवढं तरी हवं असेल, तर 99.9 टक्के लागतात.

2018 मध्ये मेरीलँडच्या चुनशेंग वांग आणि अमेरिकी लष्करी प्रयोगशाळेच्या कांग शू यांच्या गटाने द्रावणात लिथियमचा क्षार इतका घातला की मोकळं पाणी जवळजवळ उरलंच नाही, आणि जस्त जवळपास सगळं परत मिळू लागलं. काम देखणं; पण तो क्षार महाग, म्हणजे जस्ताचा स्वस्तपणाच हातचा गेला. 2019 मध्ये कॉर्नेलमध्ये लिंडन आर्चर यांच्या गटाने ग्राफीनच्या लेपावर जस्ताचे स्फटिक आडवे, सपाट बसवून दाखवले. मला ही वाट अधिक पटते, कारण ती काट्यांच्या मुळाशी जाते. 2021 मध्ये वांग यांच्याच गटाने पत्र्यावर फ्लोराइडचा पातळ थर आपोआप तयार होईल असं द्रावण शोधलं आणि 99.9 टक्के गाठले.

या साऱ्यात मोलाचं काम मला 2020 चं वाटतं. तेव्हा शू यांच्यासह काही संशोधकांनी ही टक्केवारी मोजायची कशी, यावरच बोट ठेवलं. जाड पत्रा वापरला की दर फेरीतली गळती शिलकीच्या जस्तातून भरून निघते आणि हजारो फेऱ्यांचे आलेख सरळ दिसतात. म्हणून फेऱ्यांच्या आकड्याशेजारी पत्र्याची जाडी, प्रवाह आणि दर खेपेस त्यातलं किती जस्त खरोखर वापरलं, हे तिन्ही छापलेच पाहिजेत.